फाउंड्रीच्या उन्हाळ्यात छातीवरचा पट्टा : पोलर एच १० कामावर वापरून पाहिल्यानंतर

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतल्या एका मध्यम आकाराच्या फाउंड्रीत मी सुरक्षा विभाग सांभाळतो. गेल्या वर्षी मार्चच्या मध्यापासून जूनमध्ये पाऊस धरेपर्यंत आम्ही भट्टी, ओतकाम आणि नॉकआऊट (साचा फोडून ओतीव भाग, म्हणजे कास्टिंग, बाहेर काढणे) या तीन विभागांतल्या कामगारांच्या हृदयाचे ठोके प्रत्यक्ष काम चालू असताना मोजले. त्यासाठी पोलर कंपनीचे एच १० हे छातीवर बांधायचे सहा पट्टे विकत घेतले होते. शिवाय ‘औद्योगिक सुरक्षेसाठी’ म्हणून विकला जाणारा, दुसऱ्या एका पुरवठादाराचा मनगटी पट्टाही महिनाभर चाचणीला मिळाला होता. आता पुढचा उन्हाळा तोंडावर आला आहे आणि आजूबाजूच्या कारखान्यांतून ‘घ्यावा का?’ अशी विचारणा सतत होते आहे, म्हणून जे पाहिले ते नीट लिहून ठेवतो.

माझे मत आधीच सांगतो. पट्टा उत्तम आहे, अचूक आहे आणि ओतकामासारख्या उष्ण जागी त्याचा खरोखर उपयोग होतो. मात्र हृदयविकाराचा झटका आधी ओळखता येईल या आशेने जो तो घेईल, त्याची निराशा होईल. कोणते काम माणसाच्या अंगावर किती येते आणि त्या कामानंतर दिलेली विश्रांती पुरते की नाही, एवढेच तो दाखवतो. हे ‘एवढेच’ आमच्या दृष्टीने फार मोठे ठरले.

बिडाचा रस भट्टीत साधारण दीड हजार अंश सेल्सिअसपर्यंत तापवला जातो आणि साच्यात ओतताना तो १४०० अंशांच्या आसपास असतो. अशा रसासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या हृदयावर एकाच वेळी दोन कामे येऊन पडतात. एकीकडे हातापायांच्या स्नायूंना रक्त पुरवायचे, आणि दुसरीकडे अंगातली उष्णता बाहेर टाकण्यासाठी तेच रक्त कातडीकडे पाठवायचे. त्यातच घामावाटे पाणी जात राहिले की शरीरातल्या रक्ताचे आकारमानच घटते, आणि मग काम तेवढेच असूनही ठोके तासागणिक चढत जातात. भिंतीवरचा तापमापक हवेचे तापमान सांगतो. काळ्या गोळ्याचा आणि ओल्या फडक्याचा तापमापक त्या जागेची उष्णता बऱ्यापैकी नेमकी सांगतो आणि तो आमच्याकडे आहेही. पण त्यातली किती उष्णता समोरच्या माणसाच्या अंगात उतरली, हे त्याची नाडीच सांगते. सकाळी न्याहारी न करता आलेला, रात्री झोप न झालेला आणि नुकताच तापातून उठलेला, असे तीन कामगार एकाच जागी उभे असले तरी तिघांच्या अंगावर पडणारा भार वेगळा असतो.

पोलर ही फिनलंडमधल्या केम्पेले गावची कंपनी १९७७ साली सुरू झाली आणि १९८२ मध्ये तिने खेळाडूंसाठी अंगावर वागवता येईल असा बिनतारी हृदयगती मापक बाजारात आणला. एच १० हे त्याच घराण्यातले अपत्य आहे, आणि ते मुळात धावपटूंसाठी व सायकलपटूंसाठी बनवलेले आहे, फाउंड्रीसाठी नाही, हे लक्षात ठेवूनच त्याच्याकडे पाहावे. लवचीक पट्ट्याच्या आतल्या बाजूला विद्युतवाहक रबराचे भाग असतात आणि मध्यभागी सुमारे २१ ग्रॅम वजनाचा संवेदक दोन टिचबटनांनी बसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागे जी सूक्ष्म विद्युतलहर छातीवर उमटते, तीच हा पट्टा टिपतो. दवाखान्यातला ईसीजी याच तत्त्वावर चालतो, फरक इतकाच की तिथे बारा बाजूंनी पाहिले जाते आणि इथे एकाच बाजूने. मनगटी पट्ट्याची रीत अगदी वेगळी आहे. तो कातडीवर हिरवा प्रकाश टाकतो, परत येणाऱ्या प्रकाशातल्या चढउतारांवरून रक्ताचा प्रवाह ताडतो आणि त्यावरून ठोके मोजतो. बसलेल्या माणसावर दोन्ही रीती सारख्याच चांगल्या चालतात. हात कामाला लागला की त्यांच्यातला फरक उघड होतो.

पहिल्या दिवशी पट्टे बांधायला निघालो तेव्हा भट्टीवरचे एक जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी सदऱ्याची बटणे सोडता सोडता विचारले, “साहेब, ह्यात काय निगालं तर घरला धाडणार न्हवं?” मी नाही म्हणालो. तरी त्यांनी पुन्हा विचारले, “लिवून देताय?” आम्ही लिहून दिले. पट्ट्यांवर १ ते ६ असे आकडे टाकले, कोणता आकडा कोणाच्या अंगावर आहे याची वही माझ्या कपाटात ठेवली, आणि ती मनुष्यबळ विभागाला किंवा ठेकेदाराला मिळणार नाही, असे व्यवस्थापकांच्या सहीने सूचनाफलकावर लावले. हा कागद नसता तर पुढचे काहीच घडले नसते, असे मला ठामपणे वाटते. ठेकेदाराकडून आलेल्या माणसाला ‘हृदय’ हा शब्द ऐकताच रोजगार जाण्याची भीती वाटते, आणि ती भीती निराधार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ साली झाला खरा, परंतु कामगाराला दिसतो तो फलकावरचा कागद आणि त्याखालची सही.

बांधण्याची पद्धत सोपी आहे, मात्र ती चुकली तर आकडे निरर्थक येतात. रबराचे भाग पाण्याने ओले करून पट्टा छातीच्या स्नायूंच्या लगेच खाली, बरगड्यांवर घट्ट बसवायचा असतो. कोरड्या कातडीवर सुरुवातीची काही मिनिटे ठोके उड्या मारताना दिसतात. छातीवर बांधायच्या सगळ्याच पट्ट्यांचा हा स्वभाव आहे, आणि आमच्याकडे घाम सुटायला पाच मिनिटेही लागत नसल्याने त्याचा त्रास झाला नाही. पट्टे दोन मापांत मिळतात. पाळी संपली की संवेदक काढून ठेवायचा, पट्टा साध्या पाण्याने धुऊन वाळत घालायचा, आणि आठवड्यातून एकदा साबणाने धुवायचा. एकाच्या घामाचा पट्टा दुसऱ्याला देऊ नये. आम्ही संवेदक आळीपाळीने वापरले, पण कापडी पट्टे प्रत्येकाला स्वतंत्र दिले. ते सुटेही मिळतात. दोन जणांना पट्ट्याच्या कडेला घामोळे उठले, त्यांना चार दिवस सुट्टी दिली.

एक गोष्ट मात्र फाउंड्रीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावी. हा पट्टा कृत्रिम धाग्यांचा आहे, आणि वितळलेल्या धातूजवळ कृत्रिम धाग्याचे काहीही अंगाला लावू नये हा आमच्याकडचा पहिला नियम आहे, कारण ठिणगी पडली तर तो धागा जळण्याआधी वितळून कातडीला चिकटतो. म्हणून पट्ट्यावर जाड सुती बंडी, तिच्यावर सुती सदरा आणि त्यावर चामड्याचे एप्रन, असे तीन थर असल्याशिवाय कोणालाही रसाजवळ जाऊ दिले नाही. शिवाय कंपनीने वापरासाठी उणे १० ते अधिक ५० अंश अशी मर्यादा दिलेली आहे. कपड्यांच्या आत, अंगालगत तापमान तेवढे चढत नाही, पण संवेदक काढून भट्टीच्या कठड्यावर ठेवण्याची सवय कोणाला लागू देऊ नका. साच्यांना स्पिरिटचा रंग देण्याच्या जागी, किंवा जिथे पेटणारी वाफ साचू शकते अशा कुठल्याही खोलीत, हा पट्टा बांधून जाऊ नये. स्फोटक वातावरणात वापरण्याजोग्या उपकरणांची बांधणी निराळी असते आणि ती याची नाही. ज्याच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे, त्याने तर पट्टा असो वा नसो, इंडक्शन भट्टीच्या तीव्र चुंबकीय क्षेत्रापासून दूरच राहायला हवे.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येतो. नुसता ठोक्यांचा आकडा पाहून काही कळत नाही, त्याला माप लागते. आम्ही दोन मापे धरली आणि दोन्ही औद्योगिक आरोग्याच्या क्षेत्रात सर्वत्र मान्य आहेत. एसीजीआयएच या अमेरिकी संस्थेच्या मार्गदर्शनानुसार, निकोप हृदयाच्या माणसाचे ठोके काही मिनिटे सलग ‘१८० वजा वय’ या आकड्याच्या वर राहिले, तर उष्णतेतले काम थांबवावे. वय ५२ असेल तर हा आकडा १२८ येतो, २७ असेल तर १५३. दुसरे माप विश्रांतीचे आहे. अंगावरचे काम संपवून माणूस खाली बसला की एका मिनिटानंतर त्याचे ठोके १२० च्या खाली यायला हवेत. याहून जुनी आणि अधिक कडक रीत ल्युसियन ब्रूहा या शरीरशास्त्रज्ञाची आहे. तीत बसल्यापासून पहिल्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या अखेरच्या अर्ध्या मिनिटातली नाडी मोजतात. पहिल्या मिनिटाची नाडी ११० पर्यंतच असेल आणि तिसऱ्या मिनिटापर्यंत ती किमान दहाने उतरली असेल, तर दिवसभरात हृदयावर थकवा साचत जात नाही, असे ब्रूहा यांचे निरीक्षण होते. ही रीत केवळ बोटांनी आणि घड्याळाने करता येते, त्यामुळे ज्यांना पट्टा परवडत नाही त्यांनी उद्यापासून ती सुरू करावी.

मामांचे वय ५२. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनच्या हीटला, म्हणजे भट्टीतल्या रसाच्या एका खेपेला, ते भट्टीच्या तोंडाशी स्लॅग, म्हणजे रसावर तरंगणारा मळ, काढत होते. मी पाच हातांवर उभा होतो आणि फोनवर त्यांचा आकडा पाहत होतो. ओतकामाआधी सावलीत उभे असताना ९४ होता. सळई हातात घेऊन ते पुढे वाकले, दोन्ही हात लांब, चेहऱ्यावर थेट लाल उजेड, आणि दीड मिनिटात आकडा १३० वर गेला. सात मिनिटे तो १३२ ते १३८ यांच्या मध्ये राहिला. सळई ठेवून ते लोखंडी पेटीवर बसले, टोपी काढली, कपाळावरचा घाम तर्जनीने निपटून टाकला. एक मिनिटानंतर १२६. तीन मिनिटांनंतर १२१. तोवर लॅडल, म्हणजे रस वाहून नेण्याचा डोल, भरून मोनोरेलवर आला होता आणि मामा उठून त्याच्या चाकाशी उभेही राहिले होते. मी त्यांना विचारले, दमलात का? “छे, रोजचंच हाय,” म्हणाले. ते खोटे बोलत नव्हते. तीस वर्षे रोज असेच चालले असेल तर दमणे हे दमणे वाटत नाही.

या एका नोंदीने आमची समजूत पालटली. सगळ्यांत अवघड काम रस ओतण्याचे, असे आम्ही धरून चाललो होतो. त्यामुळे चांगला पंखा, जाड एप्रन आणि जादा माणूस हे सगळे ओतणाऱ्यांकडे होते. पट्ट्याने दाखवले की ओतणाऱ्याचे ठोके बहुतेक वेळा मर्यादेत राहतात, कारण तो चालत असतो, थांबत असतो आणि रसापासून थोडा लांबही असतो. खरा भार स्लॅग काढणाऱ्यावर होता. पायांपेक्षा हातांनी केलेले, विशेषतः हात लांब धरून वजन पेलण्याचे काम हृदयाला अधिक जड जाते, हे शरीरशास्त्रात जुनेच आहे. आमच्या डोळ्यांसमोर असूनही ते आम्हाला दिसले नव्हते.

आम्ही तीन बदल केले. स्लॅगच्या सळईला वरच्या तुळईवरून साखळी सोडून तिचे वजन साखळीवर घेतले, म्हणजे हातांनी फक्त दिशा द्यायची. भट्टीच्या तोंडाशी कमरेपर्यंत येणारा पत्र्याचा आडोसा उभा केला. आणि प्रत्येक हीटला माणूस बदलायचा असे ठरवले, जेणेकरून एकाला दोन हीटच्या मध्ये निदान पाऊण तास मिळेल. याशिवाय पाण्याचा कूलर फाटकाजवळ होता, तो भट्टीपासून दहा पावलांवर आणला, कारण दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी प्यावे हे सांगणे सोपे असले तरी त्यासाठी दोनशे पावले चालत कोणी जात नाही. दुपारी मीठ घातलेले ताक सुरू केले. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, बाहेर ऊन आणखी तापलेले असताना, मामांच्या त्याच कामाची नोंद पुन्हा घेतली. सर्वांत वरचा आकडा १२४ आला, आणि बसल्यावर एका मिनिटाने १०८. साखळीला खर्च किती आला हे लिहायचीही लाज वाटावी इतका तो कमी होता.

दुसरा मोठा उपयोग सुट्टीहून परतलेल्यांच्या बाबतीत झाला. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असते, त्या सुमारास आमच्याकडे हजेरी निम्म्यावर येते, आणि उत्तरेकडून आलेले कामगार लग्नसराईत महिना महिना गावी जातात. उष्णतेची सवय शरीराला आठवडा-दोन आठवड्यांत लागते आणि काम सुटले की ती तितक्याच सहज उतरते. तीन आठवड्यांनी परतलेल्या एका तिशीतल्या तरुणाचे ठोके पहिल्या दिवशी त्याच कामावर स्वतःच्या जुन्या नोंदीपेक्षा वीस-बावीसने जास्त आले, आणि पाचव्या दिवशी जवळपास जुन्या जागी आले. नायॉश या अमेरिकी संस्थेचा सल्ला असा आहे की, अनुभवी कामगार खंडानंतर परतला तर त्याला उष्णतेत पहिल्या दिवशी नेहमीच्या निम्मे, दुसऱ्या दिवशी ६० टक्के, तिसऱ्या दिवशी ८० टक्के आणि चौथ्या दिवशी पूर्ण काम द्यावे; अगदी नव्या माणसाला पहिल्या दिवशी २० टक्के देऊन रोज वीस-वीसने वाढवावे. हा तक्ता मी अनेक वर्षे कार्यशाळांतून सांगत आलो आहे, पण फोरमन ऐकत नसत. त्या तरुणाचा पहिल्या आणि पाचव्या दिवसाचा आलेख एकाखाली एक ठेवल्यावर त्यांनी स्वतःहून पाळ्या बदलल्या.

मनगटी पट्ट्याची हकिगत वेगळी झाली. तो दिसायला सुबक होता, त्याला सिमकार्ड होते, आणि आकडा चढला की थेट कार्यालयातल्या पडद्यावर लाल दिवा लागत असे. फेटलिंग विभागात, जिथे ग्राइंडर धरून कास्टिंगच्या कडा साफ करतात, तिथे पहिल्याच दिवशी एका मुलाचा आकडा १७२ दाखवून दिवा पेटला. फोरमन धावत गेले आणि त्याला घरी पाठवायच्या तयारीत होते. मी त्याच्या गळ्याशी बोटे लावून मोजले तर नाडी ९८ होती. ग्राइंडरचा हादरा आणि हाताची एकसारखी हालचाल यांनाच ते यंत्र ठोके समजत होते. हा दोष त्या एका पुरवठादाराचा नाही, प्रकाशावर चालणाऱ्या साऱ्याच मनगटी साधनांना हालचाल आणि हादरे फसवतात. त्यात हातमोज्याची पकड, कातडीवरचे गोंदण आणि सैल बांधणी यांची भर पडते. पण विक्री करणाऱ्याने हे आम्हाला आधी सांगायला हवे होते. महिनाभरात खोट्या इशाऱ्यांची इतकी सवय झाली की शेवटच्या आठवड्यात लाल दिव्याकडे कोणी मान वळवूनही पाहत नव्हते, आणि सुरक्षेच्या कामात याहून वाईट काही नसते. त्याच मुलाच्या छातीवर एच १० बांधला तेव्हा तो आकडा माझ्या बोटांशी जुळला. जोरकस हालचालीतही ठोक्यांमधली अंतरे हा पट्टा नीट टिपतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासातही दिसून आले होते, आणि आमचा अनुभव त्याला धरूनच आहे.

कार्यालयातल्या पडद्याची सोय मात्र एच १० मध्ये नाही, हे स्वच्छ सांगायला हवे. त्याचा संकेत ब्लूटूथने जवळच्या फोनपर्यंत जातो. पत्र्याची शेड, लोखंडी खांब आणि मध्ये उभी भट्टी असताना ब्लूटूथची मजल फार नसते, त्यामुळे कोणीतरी फोन घेऊन आसपास असावे लागते. संवेदकाच्या अंगच्या स्मृतीत नोंद साठवून ती नंतर उतरवता येते, पण एका वेळी एकच सत्र साठते. पन्नास माणसांवर रोज आपोआप लक्ष ठेवायचे असेल तर हे साधन त्यासाठी नाही. एका कामावर, दोन-तीन माणसांवर, तास-दोन तास डोळसपणे मोजायचे असेल तर याहून चांगले मला माहीत नाही. बारीक गोल बटणाच्या सेलवर तो सुमारे ४०० तास चालतो असे कंपनी सांगते. आमचा उन्हाळा पहिल्याच सेलवर पार पडला.

आता ज्या गोष्टीमुळे मी हे लिहायला बसलो तिच्याकडे येतो. नॉकआऊटवरचे एक कामगार आहेत, वय पन्नाशीच्या आतले. त्यांचे ठोके कितीही उन्हात, कितीही जड पेटी उचलली तरी शंभरच्या पुढे जात नसत. आमच्या तक्त्यात ते सगळ्यांत ‘चांगले’ होते. एक तरुण पर्यवेक्षक तर म्हणाला की, यांनाच स्लॅगवर घेऊ या. मला ते खटकले, कारण दुपारी तीनला त्यांचा चेहरा राखेसारखा दिसे आणि बोलताना त्यांना दम लागे. एकदा डबा खाताना शेजारी बसून सहज विचारले, तेव्हा त्यांनी डब्याच्या झाकणाखालून गोळ्यांची पट्टी काढून दाखवली. रक्तदाबावरची, हृदयाचे ठोके मंद ठेवणारी गोळी, तीन वर्षांपासून चालू. कारखान्याच्या डॉक्टरांना सांगितले नव्हते, कारण मामांना जी भीती होती तीच यांनाही होती. ही गोळी घेणाऱ्याच्या बाबतीत ‘१८० वजा वय’ हे माप लागूच पडत नाही, त्याची नाडी दाबून धरलेली असते आणि आतला भार आकड्यात उतरत नाही. पट्टा अचूक होता, आकडा खरा होता, आणि त्या आकड्यावर विसंबलो असतो तर आम्ही त्यांना सर्वांत उष्ण जागी उभे केले असते.

म्हणून पट्टा विकत घेण्याआधी वैद्यकीय तपासणी नीट करा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात धोकादायक प्रक्रियांचे जे प्रकरण घातले गेले त्यातून फाउंड्रीतल्या कामगारांची वार्षिक तपासणी रूढ झाली, पण बऱ्याच ठिकाणी ती रांगेत उभे करून, रक्तदाब बघून, सही घेऊन संपते. कोणत्या गोळ्या चालू आहेत हा एक प्रश्न, एकांतात, विश्वासाने विचारला गेला पाहिजे. हृदयवाहिनीत अडथळा आहे का, हे छातीवरचा एकपदरी पट्टा सांगू शकत नाही. त्यासाठी बारा बाजूंचा ईसीजी, चालत्या पट्ट्यावरची (ट्रेडमिल) चाचणी आणि ती वाचणारा डॉक्टर लागतो. अमेरिकेत कर्तव्यावर मृत्यू पावणाऱ्या अग्निशामक जवानांपैकी सुमारे ४५ टक्क्यांचा मृत्यू हृदयविकाराने होतो असे २००७ च्या एका मोठ्या अभ्यासात नमूद केले होते, आणि उष्णता व अचानक येणारे जड काम यांचा जो संयोग तिथे असतो तो आमच्याकडेही रोज असतो, हे विसरून चालणार नाही.

खर्चाचे बोलायचे तर एक पट्टा आम्हाला दहा हजार रुपयांच्या आसपास पडला. एखाद्याकडे साठ हजार रुपयेच असतील आणि कारखान्यात हृदयाला विजेचा झटका देणारे स्वयंचलित यंत्र, ज्याला सगळे एईडी म्हणतात, ते नसेल, तर त्याने सहा पट्टे न घेता आधी त्या यंत्राची तजवीज करावी असे मी सांगेन. हृदय अचानक थांबले आणि कोणी छातीही दाबत नसेल, तर असा झटका मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिरागणिक वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी घटते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे आणि तिने अनेकांना वाचवले आहे, परंतु महामार्गावरून वळून आमच्या फाटकातून आत, भट्टीपर्यंत यायला तिला जितकी मिनिटे लागतात तितकी अशा वेळी हातात नसतात. आम्ही एईडी भट्टी विभागाच्या दाराशी लावले आहे आणि प्रत्येक पाळीतल्या चौघांना छाती दाबण्याचे व ते यंत्र लावण्याचे शिक्षण दिले आहे. ते झाल्यावर पट्टे घ्यावेत, आणि दोन-तीन पुरतात.

गोळ्यांची पट्टी दाखवणारे ते कामगार आता तपासणी विभागात, पंख्याखाली, कास्टिंगला तडा आहे का हे हातोडीच्या आवाजावरून पारखतात. नॉकआऊटवर वीस वर्षे काढलेला त्यांचा कान त्या कामात तरबेज आहे, आणि पगारात एक रुपयाचाही फरक पडू दिलेला नाही. मामांनी निवृत्तीपर्यंत भट्टीवरच राहायचे ठरवले आहे. यंदा मोजणी चैत्र पौर्णिमेनंतरच्या सोमवारी सुरू करतो आहोत, आणि पहिले तीन पट्टे यात्रेहून परतणाऱ्यांसाठी राखून ठेवले आहेत.